सेंट लुईसची बोस्नियन वस्ती आणि चेंडूचा नाद



आज तुम्हाला अमेरिकेतल्या एका शहरात नेते. शहराचं नाव सेंट लुईस. मिसिसिपी नावाच्या मोठ्या नदीच्या काठी, देशाच्या जवळजवळ मध्यावर ते वसलंय. अमेरिका म्हटलं की आपल्याला उंच इमारती आणि पैसा आठवतो. पण हे शहर तीस-पस्तीस वर्षांपूर्वी ओस पडत चाललं होतं. १९५० साली तिथे साडेआठ लाखांवर माणसं राहत होती, १९९०च्या शिरगणतीत ती चार लाखसुद्धा भरली नाहीत. कारखाने बंद पडले, ज्यांना जमलं ते शहराबाहेरच्या नव्या वसाहतींत राहायला गेले. मागे राहिली लाल विटांची घरं. कुठे कुलूप, कुठे नुसतीच उघडी.

अशा शहरात १९९३ पासून नवी माणसं यायला लागली. हातात एखाददुसरी पिशवी, इंग्रजी येत नाही, आणि घरातला कर्ता पुरुष बरोबर असेलच याची खात्री नाही. ही माणसं युरोपातल्या बोस्निया देशातून आली होती. दहा-बारा वर्षांत त्यांची वस्ती एवढी वाढली, की अमेरिकेतली सगळ्यात मोठी बोस्नियन वस्ती म्हणून आज सेंट लुईसचं नाव घेतात. पन्नास हजारांपासून सत्तर हजारांपर्यंत आकडे सांगितले जातात. आणि या लोकांना नाद होता फुटबॉलचा. कोल्हापूरकडच्या मैत्रिणींना हा नाद काय असतो ते समजावून सांगायला नको. सामन्याच्या दिवशी घरातली किती माणसं जेवायला येतील याचा भरवसा नसतो.

आता तुम्ही म्हणाल, बचत गटाच्या बैठकीत फुटबॉलचं काय काम? थोडं थांबा. या गोष्टीत कर्ज आहे, लाटणं आहे, आणि लेकराला जगवण्यासाठी रानात खड्डा खणणारी एक आई आहे.

आधी बोस्निया कुठला, ते बघू. डोंगरांचा, नद्यांचा छोटा देश, आपल्या महाराष्ट्राच्या साधारण सहाव्या हिश्शाएवढा. पूर्वी तो युगोस्लाव्हिया नावाच्या मोठ्या देशाचा भाग होता. तिथे प्रामुख्याने तीन समाज राहतात. बॉस्नियाक म्हणजे मुसलमान, सर्ब म्हणजे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आणि क्रोएट म्हणजे कॅथलिक ख्रिस्ती. बोली तिघांची जवळपास एकच. एका आळीत राहायचे, एका कारखान्यात राबायचे, शहरांमध्ये तर एकमेकांत लग्नंही व्हायची. १९९०च्या आसपास युगोस्लाव्हिया फुटायला लागला. १९९२च्या वसंतात बोस्नियाने स्वातंत्र्य जाहीर केलं आणि लढाई पेटली. सर्ब राष्ट्रवादी पुढाऱ्यांना देशाचा मोठा तुकडा फक्त सर्बांचा हवा होता. त्यासाठी गावंच्या गावं रिकामी करायची, असं ठरवून काम चाललं. अत्याचार इतर बाजूंनीही झाले, पण सगळ्यात जास्त मार बॉस्नियाक लोकांना बसला. साडेतीन वर्षांत सुमारे एक लाख माणसं मेली. त्रेचाळीस-चव्वेचाळीस लाखांच्या देशात वीस लाखांहून जास्त माणसांना घर सोडावं लागलं. म्हणजे दर दोन घरांतलं एक घर उठलं, असं धरा.

राजधानी सारायेव्होला वेढा पडला तो १,४२५ दिवस. पूर्वेकडच्या स्रेब्रेनित्सा गावी जुलै १९९५ मध्ये आठ हजारांहून जास्त पुरुष आणि मुलगे बायकांपासून वेगळे काढून मारले गेले. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने त्याला वंशसंहार म्हटलं. त्या वर्षाच्या शेवटी तह झाला. पण ज्यांच्या गावात आता शेजारी म्हणून मारेकरीच राहत होते, त्यांनी परत जायचं कुठे?

म्हणून माणसं देशोदेशी पांगली. सेंट लुईसला का आली, याचं उत्तर अगदी व्यवहाराचं आहे. घरं स्वस्त होती, हाताला काम मिळत होतं, आणि निर्वासितांना उभं करणारी ‘इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट’ नावाची संस्था तिथे १९१९ पासून होती. पहिली काही कुटुंबं रुळली. त्यांनी मामाला कळवलं, मामाने साडूला. जी कुटुंबं आधी अमेरिकेतल्या दुसऱ्या शहरांत उतरली होती, तीही सामान उचलून इकडे आली. आपल्याकडे धरणात गेलेल्या गावांची माणसं नव्या गावठाणातही आळीला आळी लागून राहायला बघतात, तसंच.

कर्जाचं म्हणाले होते. अमेरिकेत येणाऱ्या निर्वासितांना विमानाचं तिकीट फुकट मिळत नाही. ते पैसे बिनव्याजी उसने मिळतात, आणि पोचल्यावर काही महिन्यांतच हप्ते सुरू होतात. म्हणजे परक्या देशात पाऊल टाकतानाच डोक्यावर कर्ज, तेही घरातल्या प्रत्येकाच्या तिकिटाचं. त्यामुळे आल्या आल्या कामाला लागणं भाग होतं. शिक्षिका होत्या, नर्सा होत्या, कचेरीत हिशेब बघणाऱ्या होत्या. पण त्यांची प्रमाणपत्रं इथे चालेनात आणि भाषा येईना. मग हॉटेलांच्या खोल्या झाडणं, कारखान्यात पट्ट्यापुढे उभं राहणं, शिवणकाम, म्हाताऱ्यांची सेवा. पुरुषांनी ट्रक चालवले, बांधकामावर गेले. रात्री इंग्रजीचे वर्ग. नवरा सकाळच्या पाळीला, बायको रात्रीच्या, आणि पोरं आजीकडे, अशी कितीतरी घरं चालली.

त्यांनी शहराच्या दक्षिण भागातली जुनी विटांची घरं विकत घेतली आणि हातांनी दुरुस्त केली. त्या भागाचं नाव बेव्हो मिल. तिथे पवनचक्कीसारखी दिसणारी एक इमारत आहे. बिअरचा मोठा कारखाना असलेल्या जर्मन घराण्यातल्या ऑगस्ट बुश याने ती शंभर वर्षांपूर्वी बांधली. म्हणजे हा भाग आधी जर्मन स्थलांतरितांचा होता. त्यांची नातवंडं निघून गेली आणि त्याच रस्त्यावर बोस्नियन बेकऱ्या, खाटकाची दुकानं, केस कापायची दुकानं, कॉफीची हॉटेलं लागली. ग्रॅव्हॉय नावाचा मोठा रस्ता तिथून जातो. त्यावरच्या पाट्या बोस्नियन भाषेत दिसू लागल्या आणि लोक त्या भागाला ‘लिटल बोस्निया’ म्हणू लागले.

जेवणाचं सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. बोस्नियन बायका ‘पिता’ करतात. मैद्याची कणीक, लांब बारीक लाटणं, आणि टेबलावर अंथरलेलं स्वच्छ फडकं. त्या फडक्यावर कणकेची पारी लाटत, हातांनी ताणत ताणत टेबलाच्या कडेबाहेर लोंबेपर्यंत नेतात. खालच्या फडक्याची नक्षी वर दिसली पाहिजे, इतकी पातळ. खानदेशातल्या मांडे करणाऱ्या मावशींनी बघितलं तर हात लगेच ओळखतील. मग त्यात खिमा, पालक, चीज किंवा बटाटा घालून गुंडाळायचं आणि भट्टीत भाजायचं. खिम्याची असली की तिला बुरेक म्हणतात. आणि कॉफी. तांब्याच्या लांब दांड्याच्या भांड्यात उकळलेली, कान नसलेल्या इवल्या कपात ओतलेली. ती घाईने पीत नाहीत. कोण सापडलं, कोणाची हाडं ओळखली गेली, कोणाच्या पोराला नोकरी लागली, हे सगळं त्या कॉफीवर बोललं जातं.

पुरुष मात्र बोलायचे चेंडूबद्दल. पोरंही. आणि इथे त्यांना शहराने आधीच तयार केलेली जागा मिळाली.

अमेरिकेत फुटबॉलला सॉकर म्हणतात, आणि तिथे त्याला फार मान नाही. बेसबॉल, बास्केटबॉल आणि त्यांचा तो हातात चेंडू घेऊन धावायचा फुटबॉल, हेच खेळ मोठे. पण सेंट लुईस याला अपवाद. आयरिश, जर्मन, इटालियन, स्पॅनिश असे जे जे लोक तिथे येऊन कारखान्यात राबले, त्यांची पोरं चर्चच्या आवारात हाच खेळ खेळली. १९०४ साली ऑलिंपिक या शहरात भरलं, तेव्हा फुटबॉलला तीनच संघ उतरले, आणि त्यांतले दोन सेंट लुईसचे होते! तिसरा कॅनडाचा, तोच जिंकला. १९५० च्या विश्वचषकात ब्राझीलमध्ये अमेरिकेने बलाढ्य इंग्लंडला एक-शून्यने हरवलं. जगात कोणाचा विश्वास बसेना. त्या अकरांतले पाच खेळाडू सेंट लुईसचे होते. गोलकीपर शववाहिका चालवायचा, दुसरा एकजण टपाल वाटायचा. गरिबाघरच्या पोरांचा खेळ होता तो. म्हणून बोस्नियन पोरं चेंडू घेऊन मैदानात उतरली, तेव्हा या शहराला ते नवल वाटलं नाही. आधी आलेल्यांच्या पोरांनी हेच केलं होतं.

पण बोस्नियन आईच्या मनात मैदान म्हटलं की काय येत असेल? हे मी मुद्दाम सांगते, कारण खेळाच्या इतिहासात ते येत नाही.

१२ एप्रिल १९९३ रोजी स्रेब्रेनित्सात लोक जरा बाहेर पडले होते. शाळेच्या मैदानात पोरं फुटबॉल खेळत होती, बाजूला माणसं बघत होती. तोफगोळे त्या मैदानावर येऊन पडले. पन्नासहून जास्त जण गेले, त्यांत पुष्कळशी मुलं. चारच दिवसांनी संयुक्त राष्ट्रसंघाने ते गाव सुरक्षित जाहीर केलं. दोन वर्षांनी त्याच गावातून पळणाऱ्या पुरुषांना पकडून नोव्हा कासाबा या ठिकाणच्या फुटबॉलच्या मैदानात बसवलं होतं, तिथून त्यांना मारायला नेलं. सारायेव्होत १९८४ च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी नटवलेल्या क्रीडासंकुलाच्या बाजूची मैदानं वेढ्याच्या काळात कबरस्तान झाली, कारण मयतं पुरायला दुसरी जागा उरली नव्हती. चेंडू खेळायची जागा आणि मरणाची जागा एकच, असं त्या पिढीने पाहिलं.

वेढ्यातल्या सारायेव्होत एदिन जेको नावाचा सहा-सात वर्षांचा पोरगा होता. घर उद्ध्वस्त झालेलं, आजी-आजोबांच्या छोट्या घरात दहा-पंधरा माणसं दाटीवाटीने राहायची. एक दिवस तो खेळायला निघाला आणि आईने अडवलं. का अडवलं, तिलाही सांगता आलं नसतं. थोड्याच वेळात तो जिथे जाणार होता त्या मैदानावर गोळे पडले. हा जेको पुढे बोस्नियासाठी सगळ्यात जास्त गोल करणारा खेळाडू झाला.

दुसरा पोरगा वेदाद इबिशेविच. त्याचं गाव व्लासेनित्साजवळ, पूर्व बोस्नियात. १९९२ मध्ये सर्ब टोळ्या त्या भागात आल्या, तेव्हा तो सात वर्षांचा होता. त्याच्या आईने रानात खड्डा खणला. सैनिक येताहेत असं कळलं की वेदाद आणि त्याची धाकटी बहीण, दोघांना घेऊन ती त्या खड्ड्यात उतरायची आणि पोरांना आवाज करू द्यायची नाही. बायांनो, लहान मूल आणि आवाज करायचा नाही, हे काय असतं ते तुम्हाला मी काय सांगू. ते तिघं वाचले, तुझला शहरात पोचले, वडीलही भेटले. लढाई संपल्यावर काही वर्षांनी कुटुंब स्वित्झर्लंडला गेलं, पण तिथे कायम राहायची परवानगी मिळेना. मग २००१ साली सेंट लुईस, कारण तिथे नातेवाईक होते.

सोळा-सतरा वर्षांचा, इंग्रजी कच्चं, असा हा मुलगा रूझवेल्ट हायस्कूल या सरकारी शाळेत गेला. तिथून सेंट लुईस विद्यापीठात. या विद्यापीठाने देशातल्या कॉलेजांची फुटबॉल स्पर्धा दहा वेळा जिंकलेली, म्हणजे योग्य घरी पडला म्हणायचा. एकच हंगाम तिथे खेळला आणि पॅरिसच्या मोठ्या क्लबच्या प्रशिक्षकाने त्याला उचललं. तो प्रशिक्षक होता वाहिद हालिलहोजिच, तोही बोस्नियन. पुढे वेदाद जर्मनीत बरीच वर्षं खेळला. २००८ च्या शरद ऋतूत तर सतरा सामन्यांत अठरा गोल केले. ग्रॅव्हॉय रस्त्यावरच्या हॉटेलांत जर्मन सामने लागायला लागले ते या आपल्या पोरासाठी.

एक गोष्ट इथे लक्षात घ्या. अमेरिकेत वाढलेला, तिथल्या शाळेत शिकलेला हा मुलगा बोस्नियाच्या राष्ट्रीय संघातून खेळला. आणि त्या संघात असे पांगलेले कितीतरी होते. गोलकीपर आस्मिर बेगोविचचं कुटुंब आधी जर्मनीला आणि मग कॅनडाला गेलेलं. मिरालेम प्यानिच लक्झेंबर्ग या चिमुकल्या देशात वाढलेला. झ्वेझ्दान मिसिमोविचचा जन्म जर्मनीतला, आईबाप सर्ब. लढाईने ज्यांना देशोदेशी फेकलं त्यांची पोरं एका संघात गोळा झाली, आणि त्यात तिन्ही समाजांची नावं होती. देशाच्या संसदेला जे अजून नीट जमलेलं नाही, ते अकरा पोरं नव्वद मिनिटं करून दाखवायची. लोक त्या संघावर एवढा जीव का टाकायचे, याचं कारण मला तरी यातच दिसतं.

अर्थात संघ चालवणारे मोठे पुढारी होतेच की गोंधळ घालायला. बोस्नियाच्या फुटबॉल महासंघाला तीन अध्यक्ष होते, एक बॉस्नियाक, एक सर्ब, एक क्रोएट, आळीपाळीने खुर्चीत बसणारे. तुमच्या गटात तीन अध्यक्षा आळीपाळीने बसवा, म्हणजे वहीवर सही कोणाची यावरूनच बैठक संपेल. जागतिक संघटना फिफाने सांगितलं, अध्यक्ष एकच हवा. ऐकलं नाही, म्हणून एप्रिल २०११ मध्ये बोस्नियावर बंदी आली. कोणत्याही सामन्यात उतरायचं नाही. तेव्हा इव्हित्सा ओसिम या म्हाताऱ्या प्रशिक्षकाला पुढे केलं. १९९२ मध्ये युगोस्लाव्हियाच्या संघाचा हाच प्रशिक्षक होता. आपल्याच देशाचं सैन्य आपल्या सारायेव्होवर तोफा डागतंय म्हटल्यावर त्याने पद सोडलं होतं. त्याची बायको आणि मुलगी वेढ्यात अडकल्या होत्या, आणि बायकोची भेट व्हायला त्याला दोन वर्षांहून जास्त काळ लागला. आता पक्षाघाताने थकलेला हा माणूस तिन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांकडे जाऊन बसला आणि त्यांना एका अध्यक्षावर राजी केलं. दोन महिन्यांत बंदी उठली.

त्यानंतरची काही वर्षं सेंट लुईसची बोस्नियन वस्ती कधी विसरणार नाही. आधी दोनदा मोठ्या स्पर्धेच्या दारात जाऊन पोर्तुगालकडून हार पत्करलेली. तिसऱ्यांदा, १५ ऑक्टोबर २०१३ रोजी लिथुएनियात शेवटचा सामना. जिंकलो तर २०१४ चा विश्वचषक, पहिल्यांदाच. अर्धा सामना संपला तरी गोल नाही. मग अडुसष्टाव्या मिनिटाला जेकोने चेंडू दिला आणि इबिशेविचने तो जाळीत घातला. एक-शून्य, आणि सामना तिथेच संपला. एकाला आईने दारात अडवलं होतं, दुसऱ्याला खड्ड्यात लपवलं होतं. त्या दोघांच्या पायांनी देश विश्वचषकात गेला. सेंट लुईसमध्ये तेव्हा भर दुपार होती. माणसं झेंडे घेऊन बेव्होच्या रस्त्यावर उतरली, गाड्यांचे भोंगे वाजवत फिरली.

महिनाभरात संघच त्यांच्या दारी आला. १८ नोव्हेंबर २०१३, अर्जेंटिनाविरुद्ध मैत्रीचा सामना, तोही बेसबॉलच्या बुश स्टेडियममध्ये. थंडीच्या दिवसांत तीस हजारांवर प्रेक्षक आले. अर्जेंटिना दोन-शून्यने जिंकली, पण त्या दिवशी हरण्याचं दुःख फारसं कोणी केलं नाही. पुढे मे २०१४ मध्ये, ब्राझीलला जाण्याआधी, संघ पुन्हा सेंट लुईसला आला आणि आयव्हरी कोस्टला दोन-एकने हरवलं. दोन्ही गोल जेकोचे. एवढ्याशा देशाचा राष्ट्रीय संघ सहा-सात महिन्यांत दोनदा एकाच परक्या शहरात खेळायला येतो, यावरून ओळखा तिथे आपली माणसं किती असतील.

सामन्याआधी राष्ट्रगीत लागतं ना, त्याचंही ऐकण्यासारखं आहे. बोस्नियाच्या राष्ट्रगीताला शब्दच नाहीत. नुसती चाल आहे. तिघांचं शब्दांवर एकमत होईना म्हणून. झेंड्याचंही तसंच, १९९८ मध्ये परदेशी अधिकाऱ्याने ठरवून दिलेला निळा-पिवळा. म्हणून खेळाडू ओळीत ओठ मिटून उभे राहतात. परदेशात तोच झेंडा पोरांच्या खांद्यावर असतो, आणि जुन्या मंडळींच्या हातात अजून लढाईच्या काळातला लिलीच्या फुलांचा पांढरा झेंडा दिसतो.

१५ जून २०१४. ब्राझीलमधल्या रिओ शहराचं माराकाना स्टेडियम, समोर परत अर्जेंटिना, त्यांचा मेस्सी. तिसऱ्याच मिनिटाला बोस्नियाच्या खेळाडूचा पाय लागून चेंडू आपल्याच जाळीत गेला. मग मेस्सीने दुसरा मारला. सामना संपायला पाच-सहा मिनिटं उरली असताना, बदली म्हणून आलेल्या इबिशेविचने गोल केला. विश्वचषकातला बोस्नियाचा तो पहिला गोल. सामना दोन-एकने गेला. पुढचा नायजेरियाविरुद्धचाही गेला, त्यात जेकोचा एक चांगला गोल पंचाने चुकीने नाकारला, त्याची हळहळ अजून संपलेली नाही. इराणला तीन-एकने हरवून संघ घरी परतला. तक्त्यात बघितलं तर पहिल्या फेरीत बाहेर, एवढंच लिहिलेलं दिसेल.

त्याच काळात बेव्होमध्ये पवनचक्कीजवळ एक सेबिल्य उभी राहिली. सेबिल्य म्हणजे पाणपोई. सारायेव्होच्या जुन्या बाजारात लाकडी घुमटीची पाणपोई आहे, तिची ही प्रतिकृती. सेंट लुईस शहराला २५० वर्षं होत होती, त्यानिमित्त बोस्नियन लोकांनी ती शहराला भेट दिली. वीस वर्षांपूर्वी उसन्या तिकिटावर आलेल्या माणसांनी गावाला पाणपोई बांधून द्यावी, हे मला फार आवडलं.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. विश्वचषकाच्याच वर्षी, नोव्हेंबरच्या शेवटच्या रात्री, बेव्होमध्ये बत्तीस वर्षांच्या एका बोस्नियन तरुणाला काही पोरांनी भर रस्त्यात हातोड्यांनी मारून टाकलं. लढाईतून वाचलेल्या वस्तीत ही बातमी कशी पोचली असेल याची कल्पना करा. दुसऱ्या दिवशी शेकडो माणसं ग्रॅव्हॉय रस्त्यावर उभी राहिली, संरक्षण द्या म्हणून. शहराबाहेर दक्षिणेकडच्या ऍफ्टन, मेलव्हिल अशा भागांत घरं घेणं आधीच सुरू झालं होतं, चांगली शाळा आणि मोठं अंगण हवं म्हणून. ते आता वाढलं. बेव्होतली काही दुकानं अजून आहेत, काही गेली. २०२१ नंतर त्याच इंटरनॅशनल इन्स्टिट्यूटने अफगाणिस्तानातून आलेल्या कुटुंबांना शहरात वसवायला घेतलं, आणि बोस्नियन लोकांनी शहराचा ओस भाग कसा पुन्हा नांदता केला, तेच उदाहरण पुढे ठेवलं.

दर वर्षी ११ जुलैला सेंट लुईसमध्ये स्रेब्रेनित्साची आठवण पाळतात. त्या दिवशी कपड्यावर क्रोशाने विणलेलं पांढरं फूल लावतात, मध्ये हिरवा ठिपका, आणि तारखेच्या अकरा पाकळ्या. हे फूल बोस्नियातल्या बायकांनीच विणून प्रचारात आणलं. अजूनही तिकडे सामूहिक कबरींतून हाडं निघतात, रक्ताच्या नमुन्यावरून ओळखली जातात. कोणाला नवऱ्याचं सगळं शरीर मिळतं, कोणाला एकच हाड, आणि पुरायचं आता की आणखी मिळेपर्यंत थांबायचं, हा निर्णय त्या बाईला घ्यावा लागतो.

इबिशेविचचा गोल कोणत्या मैदानावर, कोणत्या मिनिटाला झाला, हे कायमचं लिहून ठेवलं गेलंय. त्याच्या आईचा खड्डा मुलाने पुढे पत्रकारांना सांगितला, म्हणून आपल्याला माहीत झाला. बाकीच्या आयांची पोरं काही विश्वचषकात खेळली नाहीत. सेंट लुईसमध्ये फाँटबॉन नावाचं कॉलेज होतं, जोगिणींनी मुलींसाठी काढलेलं. तिथल्या अध्यापकांनी आणि बोस्नियन विद्यार्थ्यांनी मिळून २००० नंतरच्या दशकात ‘बोस्निया मेमरी प्रोजेक्ट’ सुरू केला. शहरातल्या बोस्नियन माणसांना बसवून, त्यांचं बोलणं जसंच्या तसं ध्वनिमुद्रित करायचं, घरातली पत्रं, फोटो, कागद जपून ठेवायचे. लढाईच्या आधीचं गाव कसं होतं, घर कधी सोडलं, बरोबर काय घेतलं, पहिलं काम कोणतं मिळालं, असं सगळं त्यात विचारतात. कोणी बोस्नियनमध्ये बोलतं, कोणी इंग्रजीत, आणि बोलताना थांबलं, तर तो थांबलेला वेळही तसाच ठेवतात.